जॉर्ज हर्बर्टविषयी वाचकांची पत्रे

गेल्या अंकात सतराव्या शतकातील इंग्रज कवी जॉन डनच्या कवितेविषयी एका वाचकाला उत्तर देताना, त्याच्यासोबत 'मेटाफिजिकल' कवींत गणल्या जाणाऱ्या जॉर्ज हर्बर्टचा उल्लेख मी 'साधा कवी' असा केला होता. त्या एका विशेषणावरून सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. कोणी ते मान्य केले, कोणी त्याला हरकत घेतली, आणि एका वाचकांनी तर हर्बर्टच्या कवितेचा स्वतः केलेला मराठी अनुवाद सोबत पाठवला. हे विशेषण मी पुरेसा विचार न करता वापरले होते, हे ही पत्रे वाचताना माझ्या लक्षात आले. म्हणून या वेळचे सदर संपूर्ण हर्बर्टसाठी राखून ठेवले आहे. प्रश्न जागेअभावी थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : हर्बर्टचे नाव आमच्या पिढीने फक्त परीक्षेपुरते ऐकले. तो नेमका कोण होता? आणि त्याच्या कवितेत अध्यात्म आहे म्हणून त्याला 'मेटाफिजिकल' म्हणतात का? (एक सेवानिवृत्त बँक अधिकारी, सात रस्ता, सोलापूर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो. अध्यात्म आहे म्हणून हे नाव पडलेले नाही. या कवींनी ते स्वतःहून घेतले नव्हते आणि त्यांचा असा काही संप्रदायही नव्हता. डन प्रेमाच्या कवितेतही तत्त्वज्ञानाचा काथ्याकूट करतो, अशी तक्रार कवी ड्रायडनने १६९३ मध्ये केली होती. पुढे १७७९ मध्ये समीक्षक सॅम्युअल जॉन्सनने याच मंडळींतील काउली या कवीच्या चरित्रात ती तक्रार वाढवली आणि एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या कल्पना हे कवी बळजबरीने एका जोखडाला जुंपतात असे म्हटले, तेव्हापासून हे नाव त्यांना कायमचे चिकटले. म्हणजे ते पडले दोष दाखवण्यासाठी. १९२१ मध्ये अभ्यासक ग्रिअरसनने या कवितांचे संकलन काढले, त्याच्या निमित्ताने टी. एस. एलियटने लेख लिहिला, आणि तेच नाव गौरवाचे झाले. काही मराठी नोट्समध्ये 'आध्यात्मिक कवी' असे भाषांतर आढळते, ते टाळावे. डनच्या कितीतरी उत्तम कविता उघड शृंगाराच्या आहेत आणि याच मंडळींतील मार्व्हेलने राजकारणावरही लिहिले आहे. या कवींना एकत्र आणते ती त्यांची विचार करण्याची रीत : दूरच्या दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि कवितेच्या आतच युक्तिवाद चालवायचा.

आता माणसाविषयी. हर्बर्टचा जन्म ३ एप्रिल १५९३ रोजी वेल्समधील माँटगमरी येथे झाला. घराणे मोठे होते, परंतु जॉर्ज तीन वर्षांचा असताना वडील वारले आणि दहा मुलांचा भार आई मॅग्डलेन हिच्यावर आला. मुलांच्या शिक्षणासाठी तिने आधी ऑक्सफर्डला आणि मग लंडनला बिऱ्हाड हलवले. तिच्या घरी विद्वानांची ऊठबस असे, डनशी तिचा स्नेह होता, आणि १६२७ मध्ये ती वारल्यावर तिच्या स्मरणार्थ प्रवचन केले तेही डननेच. वेस्टमिन्स्टर शाळेतून जॉर्ज १६०९ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. पुढच्याच नववर्षाला, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने आईला दोन सुनीते पाठवली : सगळी कविता प्रेमदेवतेच्याच चाकरीत का राबते, देवाच्या वाट्याला ती का येत नाही, असा त्यांतला प्रश्न आहे. १६२० मध्ये तो विद्यापीठाचा 'पब्लिक ऑरेटर' झाला. राजे आणि सरदार विद्यापीठात आले की लॅटिनमध्ये भाषण करणे आणि विद्यापीठाच्या वतीने लॅटिन पत्रव्यवहार सांभाळणे, हे त्याचे काम होते. १६२४ मध्ये तो माँटगमरीतून पार्लमेंटवर निवडून गेला. १६२९ मध्ये जेन डॅन्व्हर्सशी त्याचे लग्न झाले, १६३० मध्ये सॉल्सबरीजवळच्या बेमर्टन या खेड्याचा तो धर्मोपदेशक झाला, आणि १ मार्च १६३३ रोजी, चाळिशीही न गाठता, क्षयाने वारला.

प्रश्न : दरबारात नोकरी मिळाली नाही म्हणून हर्बर्ट धर्माकडे वळला, असे आम्हाला शिकवले गेले. हे खरे मानावे का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : अर्धे खरे मानावे. ऑरेटरच्या पदावरून दरबारात चढता येत असे. त्याच्या पूर्वी हे पद सांभाळलेला रॉबर्ट नॉन्टन पुढे राजाचा मंत्री झाला होता, आणि हर्बर्टच्या डोळ्यांसमोर ते उदाहरण नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. राजा पहिला जेम्स मार्च १६२५ मध्ये वारला, हर्बर्टला आधार देऊ शकणारे दोन बडे सरदारही त्याच सुमारास गेले. तेवढ्यावरून चरित्रकारांनी 'आशा संपली, मग देव आठवला' असा सोपा क्रम लावला. परंतु डीकनची, म्हणजे धर्मसेवेच्या पहिल्या पायरीची, दीक्षा घेण्याची परवानगी त्याने १६२४ च्या अखेरीस, राजा जिवंत असतानाच मिळवली होती. आणि आईला पाठवलेली ती दोन सुनीते तर त्याच्याही चौदा वर्षे आधीची आहेत.

स्वतः हर्बर्ट या बाबतीत आपल्या चरित्रकारांपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. 'अफ्लिक्शन' या दीर्घ कवितेत तो देवालाच सांगतो की माझा जन्म आणि माझा पिंड शहराच्या वाटेने जाण्याचा होता, तू मला एका रेंगाळणाऱ्या पुस्तकाच्या हाती फसवून दिलेस आणि अंगावर विद्वानाचा झगा चढवलास. पुढे तो म्हणतो की आता माझे काय करणार ते माझ्या कोणत्याच पुस्तकात लिहिलेले नाही, यापेक्षा मी झाड झालो असतो तर बरे, निदान फळ किंवा सावली देऊन एखाद्या पाखराच्या संसाराला उपयोगी पडलो असतो. हे कोणा शांत, निवृत्त साधूचे बोलणे नव्हे. मी वापरलेल्या 'साधा' या शब्दाला पहिली हरकत इथेच निघते.

प्रश्न : आमच्या अभ्यासक्रमात 'द कॉलर' ही कविता आहे. गाइडमध्ये 'कॉलर म्हणजे पाद्र्याच्या गळ्यातील पांढरी पट्टी' असे दिले आहे. मराठीत या शीर्षकाचे भाषांतर काय करावे? (बी. ए. भाग तीनची एक विद्यार्थिनी, पंढरपूर)

उत्तर : गाइडमधील अर्थ सोडून द्या. तशी पांढरी पट्टी घालण्याची प्रथा हर्बर्टनंतर पुष्कळ काळाने सुरू झाली, त्यामुळे ती त्याच्या मनात असणे शक्य नाही. इथली कॉलर ही जनावराच्या किंवा गुलामाच्या मानेभोवतीची आहे. शिवाय त्या काळच्या उच्चारात हाच शब्द राग या अर्थाच्या 'कोलर' या शब्दाच्या अगदी जवळ येतो, आणि 'हाक मारणारा' या अर्थाच्या 'कॉलर'च्याही. बंधन, संताप आणि हाक या तिन्ही गोष्टी कवितेत आहेत आणि त्याच क्रमाने येतात.

आता मराठी शीर्षक. तुमच्या पत्रात 'बंधन', 'जोखड' आणि 'गळपट्टा' असे तीन पर्याय आहेत. 'बंधन' फार पुस्तकी आहे, 'जोखड' दोन बैलांचे असते आणि इथे माणूस एकटा आहे, 'गळपट्टा' शब्दशः बरोबर असला तरी मुका आहे. मी तुम्हाला 'दावे' हा शब्द सुचवतो. जनावर खुंट्याला बांधायचा दोर ते दावे, हे तुमच्या घरी गोठा असेल तर सांगायला नको. पण मराठीत 'दावा' म्हणजे हक्काची मागणी किंवा फिर्याद, आणि जुन्या बोलण्यात वैरही. त्याचे अनेकवचनही 'दावे'च होते. ही कविता म्हणजे एका बांधलेल्या माणसाने आपल्या धन्यावर लावलेले दावे आहेत : मी इतकी वर्षे राबलो, माझ्या वाट्याला रक्त काढणाऱ्या काट्याखेरीज पीक आले नाही, फुले कोमेजली, वर्ष वाया गेले, आता मी चाललो. तो ज्याच्यावर हात आपटतो ते 'बोर्ड' म्हणजे टेबल, आणि चर्चमधील प्रभुभोजनाच्या टेबलालाही तोच शब्द आहे. म्हणजे तो उठून चालला आहे तो देवाच्या पंगतीतूनच. मध्ये एका जागी तो स्वतःला बजावतो की तुला बांधणारा हा दोर वाळूचा आहे, तुझ्याच क्षुद्र विचारांनी तो वळला आणि तुला तो भक्कम वाटू लागला. 'दावे' हे शीर्षक ठेवले तर हा वाळूचा दोर वाचकाला आपोआप दिसेल.

परीक्षेसाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती गाइडमध्ये बहुधा नसते. ३६ ओळींच्या या कवितेत ओळींची लांबी सतत बदलते आणि यमके कुठेही, कितीही अंतराने पडतात. नुसते डोळ्यांनी वाचले तर हे पद्य विस्कटले आहे असे वाटते. वक्ता अनावर होतो, शब्दागणिक अधिक हिंस्र होतो, आणि शेवटच्या चार ओळींत त्याला वाटते की कोणीतरी 'लेकरा' अशी हाक मारली, आणि तो 'धनी' एवढेच उत्तर देतो. याच चार ओळींत प्रथमच यमके एकाआड एक अशी नीट जागेवर येतात. देवाने फिर्यादीतील एकाही मुद्द्याचे उत्तर दिलेले नाही, हेही पाहा. त्याने फक्त हाक मारली आहे. हे उत्तरपत्रिकेत लिहा, आणि 'शेवटी कवी देवाला शरण जातो' हे एकच वाक्य लिहून थांबू नका.

प्रश्न : 'लव्ह' या कवितेचा मी केलेला अनुवाद सोबत पाठवत आहे. पहिली ओळ 'प्रेमाने मजसी पाचारिले मंदिरी' आणि शेवटची 'आसनस्थ होऊनि मी त्या अमृतान्ना सेविले' अशी आहे. आपण हर्बर्टला साधे म्हणता. मला तर अनुवाद करताना घाम फुटला. कृपया मत कळवावे. (एक सेवानिवृत्त शिक्षक, अक्कलकोट)

उत्तर : आपण अठराही ओळी मराठीत आणल्या आहेत, ही फार मोठी मेहनत आहे, आणि म्हणूनच मी मोकळेपणाने लिहितो. पहिल्या ओळीत मराठी व्याकरणाने आपली वाट अडवली आहे. मूळ कवितेत 'प्रेम' ही घरधन्याची व्यक्ती आहे. ती दारात उभी राहून पाहुण्याला आत बोलावते. 'प्रेमाने बोलावले' असे म्हटले की मराठी कानाला 'कोणीतरी मायेने बोलावले' असेच ऐकू येते. तृतीया विभक्तीत ती व्यक्ती विरघळून जाते आणि तिच्या जागी नुसते क्रियाविशेषण उरते. यावर उपाय आहे. आपल्या भाषेत 'म्हणणे' या क्रियापदाचा कर्ता भूतकाळातही प्रथमेतच राहतो, म्हणून 'प्रेम म्हणाले, ये' अशी सुरुवात करावी. तीन शब्दांत यजमान दारात उभा राहतो.

पुढचा सगळा प्रसंग तर आपल्या घरातला आहे. पाहुणा उंबऱ्याशी घुटमळतो, कारण अंगावर वाटेची धूळ आहे आणि मनावर पापाची. यजमानाच्या ते चटकन लक्षात येते, तो जवळ येतो आणि काही हवे-नको का, असे हळूच विचारतो. पाहुणा म्हणतो, या घरी बसण्याच्या लायकीचा पाहुणा हवा होता. यजमान म्हणतो, तो तूच. मी कृतघ्न आहे, मला तुझ्याकडे डोळे वर करून पाहवत नाही, असे पाहुणा म्हणतो. यजमान हसून हात धरतो आणि विचारतो, ते डोळे केले कोणी? पाहुणा तरीही हटत नाही. मी ते डोळे बिघडवले, मला माझ्या लायकीच्या जागी जाऊ द्या, असे म्हणतो, आणि दोष कोणी आपल्या डोक्यावर घेतला ते तुला ठाऊक नाही का, असे उत्तर आल्यावर म्हणतो, बरे, मग मी वाढप्याचे काम करतो. पंगतीत बसायला संकोच वाटणारा माणूस नेहमी हेच म्हणतो. जेवायला बसण्यापेक्षा वाढायला उभे राहणे सोपे असते, कारण त्यात घेणारा आपण नसतो. आपण अक्कलकोटचे आहात, अन्नछत्रात हे आपण माझ्यापेक्षा अधिक वेळा पाहिले असेल. यजमान मात्र ऐकत नाही : तुला बसावेच लागेल, माझ्या हातचे खावे लागेल. इथे मूळ शब्द 'मीट' असा आहे आणि आपण तळटीपेत 'मांसाहाराचा उल्लेख वगळला' असे लिहिले आहे. तशी गरज नाही. त्या काळी या शब्दाचा अर्थ कोणतेही अन्न असा होता.

आता शेवटची ओळ. मुळात तिच्यात सहा शब्द आहेत, सहाही एकेका अक्षराचे, लहान मुलालाही कळतील असे. सगळे आढेवेढे संपले आहेत, बोलण्यासारखे काही राहिलेले नाही, आणि पाहुणा बसून जेवतो. 'आसनस्थ' आणि 'अमृतान्न' हे शब्द आले की तो पुन्हा उभा राहून भाषण करू लागतो. माझ्या मते ही ओळ मराठीत 'मग मी बसलो आणि जेवलो' अशीच असावी. आपल्याला घाम फुटला तो या साधेपणामुळेच, कारण इथे लपायला एकही अलंकार नाही.

आणि हा साधेपणा हर्बर्टलाही सहज मिळालेला नाही. 'जॉर्डन' नावाच्या दोन कवितांपैकी दुसरीत तो कबूल करतो की आरंभी मी साध्या आशयावर उपमांची वेलबुट्टी काढीत होतो, लिहीत होतो आणि खोडीत होतो, आणि तेव्हा कोणीतरी कानाशी कुजबुजले की प्रेमात गोडवा आयताच लिहून ठेवलेला आहे, तेवढा उतरवून घे. म्हणून 'साधा कवी' हे माझे शब्द मी मागे घेतो. खोडत खोडत साधेपणापर्यंत पोहोचलेला कवी, असे म्हणायला हवे होते.

प्रश्न : 'ईस्टर विंग्ज'मध्ये ओळी पंखांच्या आकारात रचल्या आहेत. हा निव्वळ चमत्कृतीचा खेळ नव्हे का? (एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर)

उत्तर : खेळ आहे, पण निव्वळ नव्हे. आपल्याकडे संस्कृतात चित्रबंधांची, म्हणजे अक्षरे चित्राच्या आकारात मांडण्याची, परंपरा आहे आणि मोरोपंतांनी ओठ न मिटता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण रचले, त्यामुळे मराठी वाचकाला ही हौस परकी नाही. हर्बर्टच्या कवितेत दोन कडवी, प्रत्येकी दहा ओळींची. दहा अक्षरांच्या ओळीपासून सुरुवात होते, ओळ दर वेळी दोन अक्षरांनी घटत जाते, आणि मध्यावर दोनच अक्षरे उरतात. त्या सर्वांत अरुंद जागी पहिल्या कडव्यात 'अगदी दरिद्री' आणि दुसऱ्यात 'अगदी कृश' अशा अर्थाचे शब्द आहेत. मग 'तुझ्यासह' असे शब्द येतात आणि ओळी पुन्हा रुंदावतात. आकार आशयाला बाहेरून चिकटवलेला नाही. 'द टेंपल' या त्याच्या संग्रहाच्या १६३३ च्या पहिल्या आवृत्तीत ही कविता आडवी छापली होती, म्हणजे वाचण्यासाठी पुस्तक फिरवावे लागे आणि पंख उभे दिसत.

मला स्वतःला याहून 'डिनायल' ही कविता मोठी वाटते, कारण तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, सगळे कानाला कळते. देव प्रार्थना ऐकत नाही, अशी तिची तक्रार आहे. सहा कडव्यांपैकी पहिल्या पाच कडव्यांची शेवटची ओळ यमकाशिवाय लोंबकळत राहते, जणू कोणी पेटीवर सूर धरता धरता हात काढून घ्यावा. सहाव्या कडव्यात कवी देवाला विनवतो की माझा सूर जुळव, आणि त्याच ओळीत यमक जुळते.

प्रश्न : माझे वडील गिरणीत रात्रपाळीला होते. 'द पुली' वाचताना मला त्यांची आठवण झाली. देवाने माणसाला विश्रांती का दिली नाही, हे कवीचे म्हणणे पटत नाही. आणि कवितेत कप्पी कुठेच नाही, मग हे नाव का? (एक वाचिका, साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : आपण अगदी योग्य जागी बोट ठेवले आहे. कवितेत गोष्ट एवढीच आहे : देव माणूस घडवताना जवळच्या प्याल्यातून सगळी वरदाने त्याच्यावर ओततो. आधी बळ, मग सौंदर्य, मग ज्ञान, मान आणि सुख. तळाशी एकच रत्न उरते, विश्रांतीचे, आणि तिथे तो हात आखडता घेतो. तेही दिले तर हा माझ्या देणग्यांची पूजा करील आणि मला विसरेल, असे देव म्हणतो. बाकी सगळे त्याच्याकडे राहू दे, पण तगमगीसकट.

कप्पी हा शब्द फक्त शीर्षकात आहे, कवितेत नाही, आणि त्यातच खरी खुबी आहे. आमच्या जुन्या वाड्यात आड होता आणि त्यावर लोखंडी कप्पी होती. मी सात-आठ वर्षांचा असताना माझ्या लक्षात आले की रहाटाशिवायच्या आडावरून वाकून पाणी ओढताना पाठ मोडते, पण कप्पीवरून दोर टाकला की आपण खाली ओढतो आणि घागर वर येते. वजन तेवढेच राहते, ओढ मात्र उलटी फिरते. हर्बर्टची कल्पना हीच आहे. माणसाला खाली खेचणारा थकवाच दुसऱ्या टोकाला त्याला वर आणतो. चांगुलपणाने नाही आला तर निदान शिणून तरी तो माझ्या छातीशी येईल, असे देव शेवटी म्हणतो.

हे पटत नाही, असे आपण लिहिले आहे, आणि तसे लिहिण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. तिसऱ्या पाळीहून आलेल्या माणसाला हे तत्त्वज्ञान ऐकवणे मलाही जमणार नाही. एवढेच सांगतो की हर्बर्टने हे दुसऱ्याच्या थकव्याविषयी लिहिलेले नाही. त्याची प्रकृती तरुणपणापासून नाजूक होती आणि ताप व अशक्तपणा त्याच्या मागे कायम लागलेला होता. मूळ इंग्रजीत 'रेस्ट' या एकाच शब्दाचे 'विश्रांती' आणि 'उरलेले' असे दोन्ही अर्थ कवीने खेळवले आहेत. मराठीत तसा एक शब्द मला सापडलेला नाही. 'विसावा' म्हणावे तर 'बाकी' निसटते.

प्रश्न : तुकाराम महाराजांशी हर्बर्टची तुलना करता येईल का? (एक वाचक, मंगळवेढा)

उत्तर : दोघे एकाच शतकातले, दोघांनीही देवाशी भांडण मांडले, एवढे खरे. पण तुकोबांचे अभंग लोकांत गायले गेले, आणि हर्बर्टची इंग्रजी कविता तो जिवंत असेपर्यंत छापलीही गेली नव्हती. एक सरकारमान्य चर्चच्या सेवेत होता, दुसऱ्याला धर्ममार्तंडांनी छळले. हा फरक पुसून टाकणारी तुलना मला नकोशी वाटते.

सोलापूरकरांना जवळचा वाटेल असा दुवा मात्र वेगळ्या जागी आहे. बाराव्या शतकातील श्री सिद्धरामेश्वरांनी 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' या नाममुद्रेने कन्नडमध्ये वचने लिहिली आणि परंपरेनुसार आपला सिद्धेश्वर तलावही त्यांनीच बांधवून घेतला. काम हीच पूजा, हे त्या शरण परंपरेतील 'कायक' तत्त्व. हर्बर्टची 'द इलिक्सिर' ही कविता नेमके हेच म्हणते : 'तुझ्यासाठी' एवढा एक शब्द मनात धरून कोणी खोली झाडली, तर खोलीही उजळते आणि झाडण्याचे कामही. या कवितेचा जुना खर्डा 'विल्यम्स हस्तलिखित' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वहीत हर्बर्टच्या स्वतःच्या दुरुस्त्यांसह टिकून आहे. तिथे तिचे पहिले नाव 'परफेक्शन' असे होते आणि शेवटचे कडवे निराळे होते. ते खोडून त्याने नवे कडवे लिहिले, त्यात सगळ्याचे सोने करणारा तो प्रसिद्ध दगड आला. म्हणजे आपला परीस.

प्रश्न : कविता छापल्याच नव्हत्या, तर त्या टिकल्या कशा? आणि नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी? (हिराचंद नेमचंद वाचनालयाचे एक सभासद, सोलापूर)

उत्तर : आयझॅक वॉल्टनने १६७० मध्ये लिहिलेल्या हर्बर्टच्या चरित्रात ही हकीकत आहे. मरणापूर्वी काही आठवडे हर्बर्टने एडमंड डंकन या गृहस्थांच्या हाती आपली वही लिटल गिडिंग येथे राहणाऱ्या निकोलस फेरर या मित्राकडे पाठवली. देव आणि माझा जीव यांच्यात झालेल्या अनेक झगड्यांचे हे चित्र आहे. एखाद्या खचलेल्या जिवाला याचा उपयोग होईल असे वाटले तर छापा, नाहीतर जाळून टाका, असा निरोप होता. वॉल्टनने हे ३७ वर्षांनी लिहिले आणि त्याला संतचरित्राची ओढ होती, हे ध्यानात ठेवून वाचावे. फेररने वही जाळली नाही. लिटल गिडिंगमध्ये तिची सुंदर नक्कल झाली, आणि १६३३ मध्येच 'द टेंपल' या नावाने केंब्रिजला पुस्तक निघाले. अमेरिकेच्या किनाऱ्याकडे निघालेल्या धर्माविषयीच्या दोन ओळींना केंब्रिजच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली होती, पण फेरर त्या गाळायला तयार झाला नाही. बेमर्टनमध्ये हर्बर्ट तीन वर्षेही राहिला नव्हता. यातील अनेक कविता त्याच्याही आधीच्या आहेत.

सुरुवात पहिल्या पानापासून करू नका. तिथे 'द चर्च पोर्च' ही ७७ कडव्यांची उपदेशपर कविता आहे, आणि अनेक वाचक तिथूनच परत फिरतात. आधी 'रिडेम्प्शन' हे सुनीत वाचावे. त्यात जमीनदाराकडे खंड कमी करून मागायला निघालेल्या कुळाची गोष्ट आहे, आणि ती समजायला कोणत्याही टिपेची गरज पडत नाही. मग 'द कॉलर', 'डिनायल' आणि 'द पुली'. 'द फ्लॉवर' एखाद्या पावसाळ्यात वाचावी. हिवाळाभर जमिनीखाली दडलेल्या मुळासारखे आपले आटलेले मन पुन्हा कसे हिरवे झाले, याचे नवल करता करता कवी सांगतो की मला पुन्हा दवाचा आणि पावसाचा वास येतो आणि कविता करावीशी वाटते. 'लव्ह' सर्वांत शेवटी. पुस्तकाच्या 'द चर्च' या मुख्य भागातही हर्बर्टने ती शेवटीच ठेवली आहे, मरण, कयामत, न्यायाचा दिवस आणि स्वर्ग यांवरच्या कविता संपल्यानंतर.